खिशांतील चित्रशाळा

लग्नमंडपांत अंतरपाट दूर होण्याची वेळ आली, कीं आजकाल अक्षतांच्या मुठींबरोबर दहावीस हात आणखी एका कारणासाठीं वर जातात. त्या प्रत्येक हातांत स्मार्टफोन असतो. मंडपांत बसलेले एखादे वृद्ध गृहस्थ तें पाहून म्हणतात, "यांत यांचें कौशल्य तें काय? सारें यंत्रच करतें!" त्यांचा नातू दोन मिनिटांत त्याच छायाचित्राला जुन्या कागदाचा पिवळट रंग देतो, मागची गर्दी धूसर करतो आणि फोन आजोबांच्या पुढें धरतो. आजोबांना चित्र आवडतें. पण मनांत शंका राहतेच. हें जें दिसत आहे, तें मंडपांत खरोखर असेंच होतें काय?

आजोबांचे हे दोन आक्षेप, एक कौशल्याविषयींचा आणि दुसरा खरेपणाविषयींचा, स्मार्टफोनबरोबर जन्मास आलेले नाहींत. छायाचित्रणाची कला जितकी जुनी, जवळजवळ तितकेच तेहि जुने आहेत. त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे खिशांतील या लहानशा चित्रशाळेंत नवें किती आणि जुनें किती याचा उलगडा होतो. आणि खरें भय कोठें आहे हेंहि ध्यानांत येतें.

पॅरिस येथें १९ ऑगस्ट १८३९ रोजीं दागेर याची कृति जगापुढें प्रकट करण्यांत आली. बारा वर्षांनीं, १८५१ मध्यें, इंग्लंडांत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ओल्या कांचेची रीति प्रसिद्ध केली. कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती रुप्याच्या क्षारांत बुडवावयाची, आणि ती ओली आहे तोंच चित्र घेऊन धुऊन काढावयाची, असा हा प्रकार होता. अर्थात् अंधारी खोली छायाचित्रकाराच्या मागोमाग हिंडलीच पाहिजे. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ ते १८६६ या काळांत तीन वेळां हिमालयांत गेला, आणि १८६६ सालीं सुमारें १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडींत त्यानें चित्रें घेतलीं. कांचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, काळा तंबू आणि तें सर्व वाहणारे हमाल, ही त्याची उपसामग्री. आज चिमट्यानें बसवावयाचें भिंग आणि दुमडणारी तिपाई पिशवीच्या एका कप्प्यांत मावते. ओझें गेलें, परंतु त्या ओझ्यानें जें साधावयाचें होतें, तें मात्र फारसें बदललेलें नाहीं.

ओल्या कांचेंत एक मोठा दोष होता. निळ्या प्रकाशाचा तिच्यावर फार लवकर परिणाम होई. त्यामुळें खालचें दृश्य नीट उतरावें म्हणून कांच पुरेशी उघडी ठेवली, तर आकाश पार पांढरें फटक पडे. आणि ढग टिपावे म्हटलें, तर खालचें सारें काळवंडे. फ्रान्समध्यें गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास यावर युक्ति काढली. समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी, अशा दोन घेऊन, क्षितिजरेषेवर बेमालूम जोड देऊन त्यानें एका कागदावर चित्र उमटविलें. त्याचीं तीं सागरचित्रें पाहून लोक थक्क झाले. आजच्या फोनमध्यें 'एच. डी. आर.' या तीन अक्षरांखालीं जें घडतें, त्यांतील तत्त्व हेंच होय. कळ एकदां दाबली तरी यंत्र कमीअधिक प्रकाशाचीं अनेक चित्रें घेतें, आणि प्रत्येकांतील चांगला भाग निवडून एकत्र करतें. मात्र ल ग्रेच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. एकच आकाश त्यानें एकाहून अधिक समुद्रांवर वापरलें. आकाश खरें, समुद्र खरा. पण त्यांची भेट झाली ती कागदावर.

येथूनच वादाला तोंड फुटलें. मूळचा स्वीडनचा आणि इंग्लंडांत स्थायिक झालेला ऑस्कर रेलँडर यानें १८५७ सालीं 'जीवनाचे दोन मार्ग' या अर्थाचें एक भव्य चित्र केलें. एका बाजूस सदाचार आणि दुसऱ्या बाजूस विलास, असा देखावा त्यानें तिसांहून अधिक निगेटिव्ह जुळवून रचला होता. त्या कामाला सुमारें सहा आठवडे लागले. मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनांत तें मांडलें गेलें आणि राणी व्हिक्टोरियानें त्याची प्रत विकत घेतली. परंतु स्कॉटलंडांतील छायाचित्र-मंडळानें त्यांतील विवस्त्र आकृतींमुळें अर्धें चित्र झांकून मगच तें लोकांना दाखविलें. पुढच्याच वर्षीं हेन्री पीच रॉबिन्सन यानें क्षयानें मरणोन्मुख झालेल्या मुलीचें चित्र प्रसिद्ध केलें. उशाशीं आप्त स्त्रिया आहेत आणि पिता पाठ फिरवून खिडकींतून बाहेर पाहत आहे. हें चित्र पांच निगेटिव्हांतून जुळविलेलें होतें, आणि ती 'मरणोन्मुख' मुलगी प्रत्यक्षांत ठणठणीत होती. एका घराच्या दुःखांत कॅमेरा घेऊन शिरणें निर्दयपणाचें आहे असें कांहींना वाटलें. आणि चित्र जुळविलेलें आहे हें कळतांच आपण फसविले गेलों असें इतरांना वाटलें. रॉबिन्सननें मात्र आपली कृति कधीं लपविली नाहीं. उलट, अशीं चित्रें कशीं जुळवावीं हें त्यानें लेख लिहून शिकविलें. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

कौशल्याविषयींचा आक्षेपहि त्याच पिढींतला. कलकत्त्यास १८१५ सालीं जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना १८६३ मध्यें, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, मुलगी व जांवई यांनीं कॅमेरा भेट दिला. त्यांनीं काढलेल्या मुखचित्रांत डोळे तेवढे कांहींसे स्पष्ट आणि बाकी सर्व मृदु, धूसर असे. त्या काळच्या जाणत्यांनीं त्यांना भिंग नीट जुळवितां येत नाहीं असा ठपका ठेवला. ज्याला तेव्हां अडाणीपणा म्हटलें गेलें, तें आज फोनमधील 'पोर्ट्रेट' या सोयीचें मुख्य आकर्षण होऊन बसलें आहे. फरक इतकाच, कीं कॅमेरॉनबाईंचा धूसरपणा भिंगांतून येई, आणि फोनचा बव्हंशीं गणितांतून येतो. चेहरा कोणता व पार्श्वभूमि कोणती हें यंत्र अजमावतें आणि मागचें सर्व पुसट करतें. म्हणूनच कधीं कधीं त्या अजमासांत आजोबांच्या पागोट्याचा कोपराहि विरून जातो.

मुंबई या चळवळींत मागें नव्हती. १८५४ सालीं येथें छायाचित्रण-संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद आणि स्वतः नाणावलेले छायाचित्रकार होते. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विद्येचा वर्गहि निघाला. परंतु ही विद्या रसायनें हाताळणाऱ्या थोड्या लोकांचीच राहिली. ती सामान्यांच्या हातीं गेली ती अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन यामुळें. १८८८ सालीं त्यानें कोडॅक कॅमेरा बाजारांत आणला. किंमत २५ डॉलर, आंत शंभर चित्रांची गुंडाळी. चित्रें संपलीं कीं कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा; तेथें चित्रें धुऊन, नवी गुंडाळी भरून तो परत येई. १९०० सालीं एका डॉलरचा ब्राउनी निघाला, आणि मुलांच्या हातांतहि कॅमेरा आला. "आतां कळ दाबणाराहि कलावंत म्हणवून घेणार!" ही तक्रार तेव्हांपासूनची. आजोबांची मंडपांतील तक्रार ती हीच.

साधन सर्वांच्या हातीं गेल्यावर त्याचे दोन उपयोग कसे होऊं शकतात, हें पुढच्या दोन गोष्टींवरून चांगलें दिसतें. दोन्हींमध्यें अंतर अवघें पांच वर्षांचें.

पहिली गोष्ट दादासाहेब फाळके यांची. १९१२ सालीं विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन ते परत आले. परंतु चित्रपट काढण्यास भांडवल कोण देणार? त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, आणि कॅमेरा तिच्यासमोर रोखून, ठरावीक अंतरानें एकेक चित्र घेत, सुमारें महिनाभर त्या रोपाचा पिच्छा पुरविला. तें सर्व पडद्यावर सलग दाखविल्यावर मिनिटभराच्या आंत अंकुर फुटून रोप वर चढूं लागलें. तें पाहून भांडवल देणारा मिळाला, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. आज फोनमध्यें 'टाइम-लॅप्स' हें नांव निवडून, फोन तिपाईवर ठेवून, कोणताहि विद्यार्थी उमलणाऱ्या जास्वंदीचें असें चित्र घेऊं शकतो. फाळक्यांच्या या खेळांत चमत्कार होता. पण फसवणूक नव्हती. वाटाणा मिनिटांत उगवत नाहीं हें पाहणारा जाणून होता. काळ आंखडला होता. रोप खरें होतें.

दुसरी गोष्ट इंग्लंडांतील कॉटिंग्ली या खेड्यांतील. १९१७ सालीं सोळा वर्षांची एल्सी राइट आणि नऊ वर्षांची तिची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनीं वडिलांच्या कॅमेऱ्यानें ओढ्याकांठीं नाचणाऱ्या पऱ्यांचें छायाचित्र घेतलें. एका तज्ज्ञानें निगेटिव्ह तपासून तिच्यांत लबाडी नाहीं असा निर्वाळा दिला. शेरलॉक होम्सचा जनक सर आर्थर कॉनन डॉइल यानें डिसेंबर १९२० च्या 'स्ट्रँड' मासिकांत त्यावर लेख लिहिला, आणि पऱ्या असल्याचा हा पुरावा म्हणून लाखों लोक तें चित्र पाहूं लागले. १९८३ सालीं, म्हातारपणीं, त्या दोघींनीं कबूल केलें कीं पऱ्या पुस्तकांतील चित्रांवरून कागदावर काढून, कापून, टोपीच्या टांचण्यांनीं उभ्या केल्या होत्या. तज्ज्ञ एका अर्थीं चुकला नव्हता. निगेटिव्हेवर कसलेंच काम केलेलें नव्हतें. कॅमेऱ्यापुढें जें होतें तेंच तिच्यावर उमटलें होतें. ज्या चित्रांत हातानें कांहींच बदललें नाहीं, तें खोटें. आणि पांच तुकड्यांचें रॉबिन्सनचें चित्र प्रामाणिक! सारा फरक पाहणाऱ्याला काय सांगितलें, यांत आहे.

आतां फोनकडे वळावें. ११ जून १९९७ रोजीं कॅलिफोर्नियांतील सांताक्रूझ येथें प्रसूतिगृहांत पत्नीजवळ बसलेल्या फिलिप कान या तंत्रज्ञानें डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल फोन एकमेकांना जोडून नवजात कन्येचें चित्र दोन हजारांहून अधिक लोकांना पाठविलें. नोव्हेंबर २००० मध्यें जपानांत शार्प कंपनीचा जो फोन विक्रीस आला, त्यांत कॅमेरा आंतच होता आणि चित्र लगेच धाडतां येई. चित्रबिंदु मात्र अवघे १,१०,०००. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्यें ते २० लाख झाले. तरीहि त्याला फ्लॅश नव्हता कीं चलच्चित्र घेतां येत नव्हतें. खरा पालट जुलै २००८ मध्यें झाला. ॲपचा बाजार उघडला, आणि जें काम पूर्वीं अंधाऱ्या खोलींत होई, तें बोटाच्या टोंकावर आलें. डिसेंबर २००९ मध्यें निघालेलें हिप्स्टामॅटिक हें ॲप जुन्या स्वस्त प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यांचे दोष मुद्दाम चित्रांत आणी: उडालेले रंग, काळवंडलेले कोपरे. जे दोष घालविण्यासाठीं पूर्वजांनीं आयुष्यें वेंचलीं, ते विकत घेण्यासाठीं नातवंडांनीं पैसे मोजले.

याच ॲपवरून तो जुना वाद पुन्हां पेटला. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा छायाचित्रकार डेमन विंटर यानें २०१० सालीं अफगाणिस्तानांतील अमेरिकन सैनिकांचीं चित्रें आयफोन व हिप्स्टामॅटिक वापरून घेतलीं, आणि फेब्रुवारी २०११ मध्यें त्यांना वृत्तछायाचित्रांच्या एका मोठ्या स्पर्धेंत तिसरें पारितोषिक मिळालें. चित्राचा रंग छायाचित्रकारानें नव्हे, तर कोठल्याशा ॲपकर्त्यानें आधींच ठरविलेला. मग ही बातमी कीं सजावट? असा प्रश्न टीकाकारांनीं केला. विंटरचें म्हणणें असें, कीं चित्रांत कांहीं घातलेलें नाहीं, कीं त्यांतून कांहीं काढलेलें नाहीं. शिवाय फोन पाहून सैनिक बिचकत नसत, कारण तेहि फोननेंच एकमेकांचीं चित्रें घेत. दोन्ही पक्षांत तथ्य होतें. तरीहि कोणतें ॲप वापरलें हें उघड होतें, म्हणूनच वाद घालणें शक्य झालें, हें विसरून चालणार नाहीं.

या स्वस्त साधनांनीं कित्येकांची नड भागविली आहे. स्वीडनचा मलिक बेन्जेलूल हा सिक्स्टो रॉड्रिग्ज या विस्मृतींत गेलेल्या गायकावर 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' हा माहितीपट करीत होता. जुन्या धर्तीच्या आठ मिलिमीटर फिल्मवर काम चाललें असतां पैसे संपले. तेव्हां दोन डॉलरांहून कमी किंमतीचें, त्याच फिल्मचा आभास निर्माण करणारें ॲप घेऊन राहिलेलीं दृश्यें त्यानें आयफोनवर पुरीं केलीं. फेब्रुवारी २०१३ मध्यें त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालें. शॉन बेकर यानें २०१५ चा 'टँजरीन' हा सबंध चित्रपट आयफोनवर घेतला, आणि त्यासाठीं फोनवर एक खास भिंग चढविलें. हें भिंग रुंद देखावा आडवा दाबून अरुंद चौकटींत बसवितें. नंतर तो पुन्हां ताणून मूळ रुंदीचा करतात. ही कल्पना १९२० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील ज्योतिर्विद आंरी क्रेतियँ यानें चित्रपटासाठीं सिद्ध केली होती, आणि १९५३ सालीं 'सिनेमास्कोप' या नांवानें ती जगभर गाजली. त्याच बेकरनें पुढें 'अनोरा' मात्र नेहमींच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर घेतला, आणि त्याला मार्च २०२५ मध्यें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें. कारागीर हत्यार बदलतो. हत्यारावरून कारागिराची किंमत ठरत नाहीं. कौशल्याविषयींच्या आक्षेपाला इतिहासानें दिलेलें उत्तर एवढेंच आहे.

खरेपणाविषयींचा आक्षेप मात्र इतक्या सहजासहजीं मिटत नाहीं. २०१८ सालीं गुगलच्या फोनमध्यें रात्रीं चित्र घेण्याची नवी सोय आली. अंधारांत घेतलेल्या एका चित्रांत कणकण पुष्कळ दिसतात. पण ते दर चित्रांत वेगवेगळ्या जागीं पडतात. म्हणून पंधरापर्यंत चित्रें घेऊन, तीं एकमेकांवर तंतोतंत बसवून त्यांची सरासरी काढली, कीं कण नाहींसे होतात आणि वस्तु उरते. हें ल ग्रेच्याच कुळांतलें काम. कारण जें शेवटीं दिसतें, तें कॅमेऱ्यापुढें होतें. परंतु मार्च २०२३ मध्यें निराळाच प्रकार उजेडांत आला. एका जिज्ञासु मनुष्यानें चंद्राचें चित्र मुद्दाम अगदीं अस्पष्ट केलें, संगणकाच्या पडद्यावर लावलें, आणि अंधाऱ्या खोलींत दुरून एका नामांकित फोननें त्याचें छायाचित्र घेतलें. छायाचित्रांत चंद्रावरील विवरें स्पष्ट दिसूं लागलीं! पडद्यावर तीं नव्हतींच. चंद्र ओळखून त्यावरील बारकावे वाढविण्यास फोनला शिकविलेलें होतें, हें पुढें उत्पादकानेंहि समजावून सांगितलें.

कॉटिंग्लीच्या पऱ्या आणि हा चंद्र यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पऱ्या कागदाच्या आहेत हें निदान त्या दोन मुलींना माहीत होतें. येथें चित्र घेणाराच अजाण आहे. तो सद्भावनेनें सांगतो, "मीं आज हा चंद्र टिपला". आणि त्याचें सांगणें पुरतें खरें नसतें. जो स्वतः नेणतो, तो दुसऱ्याला काय सांगणार? छायाचित्रणाच्या इतिहासांत ही अवस्था नवी आहे, आणि खरें भय तें येथें आहे.

यावर उपायहि निघूं लागले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्यें लायका कंपनीनें असा एक कॅमेरा आणला, कीं जो चित्राबरोबर त्याची जन्मपत्रिकाच जोडून देतो. चित्र कोणत्या यंत्रानें केव्हां घेतलें याची मोहोर त्यावर उमटते, आणि पुढें कोणीं गुपचूप फेरफार केला तर ती मोहोर जुळत नाहीं. परंतु घरगुती चित्रांसाठीं इतक्या खर्चाची आवश्यकता नाहीं. ॲपनें रंग चढवावे, चिमट्याचें भिंग लावून तुळशीच्या मंजिरीवरील दंव मोठें करून पाहावें, दोन आकाशें जोडावींत; रेलँडर आणि फाळके यांच्या वंशजांना तो अधिकार आहे. मात्र मूळ प्रत निराळी राखून ठेवावी, आणि बदललेल्या प्रतीखालीं काय बदललें तें दोन शब्दांत नोंदवावें.

ही शिस्त क्षुल्लक वाटेल. परंतु घरोघरींचा इतिहास आतां या फोनमध्येंच सांठत आहे. पन्नास वर्षांनीं एखादी पणती विचारील, आजीचा शालू खरोखर याच रंगाचा होता काय, आणि तिच्या कपाळावर तो व्रण होता कीं नव्हता? त्या वेळीं उत्तर देणारें कोणी उरलेलें नसेल. चित्र आणि त्याखालची ओळ तेवढी उरेल. मंडपांतील त्या आजोबांना नातवाचें चित्र मोडून टाकावयाचें नसतें. नातू त्यांच्याजवळ बसून, "आजोबा, हा पिवळा रंग मी मागाहून दिला, आणि हें पाहा मूळचें," एवढें म्हणाला, कीं त्यांची शंका फिटते, आणि दोन्ही चित्रें ते कौतुकानें पाहूं लागतात.